जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयातलं एचआयव्ही तपासणी केंद्र: खोली चांगली, तिथवर पोचायलाच आम्हाला दोन वर्षं लागली

गेलं दीड वर्ष मी माझ्या आत्याला घेऊन आमच्या जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात जातेय. आधी तिथलं एचआयव्ही तपासणी केंद्र, ज्याला सगळे आयसीटीसी म्हणतात, आणि नंतर गोळ्यांसाठी एआरटी केंद्र. लोक हॉटेलांबद्दल लिहितात, मिक्सरबद्दल लिहितात. या दोन खोल्यांबद्दल कुणी लिहीत नाही, कारण लिहिलं की "तू तिथं कशाला गेली होतीस?" हा प्रश्न येतो. आत्याला विचारूनच लिहितेय. "गावाचं नाव नको, दवाखान्याचं नको, बाकी काय लिहायचं ते लिही," म्हणाली. म्हणून नावं नाहीत.

आधी तपासणीच्या खोलीबद्दल. केसपेपरच्या खिडकीवरून डावीकडे वळलं की एक बोळ आहे, त्याच्या टोकाला ही खोली. एक टेबल, तीन खुर्च्या, भिंतीला टांगलेला चित्रांचा तक्ता, कोपऱ्यात हिरव्या पडद्याआड रक्त घ्यायची जागा. काउन्सेलर मॅडम पस्तिशीच्या असतील. आम्ही आत गेल्यावर त्यांनी उठून दार लावलं, स्वतःचा मोबाइल ड्रॉवरमध्ये टाकला आणि आत्याला पहिला प्रश्न विचारला, "जेवून आलाय का?" आत्या एसटीत दोनदा ओकली होती. मॅडमनी बिस्किटाचा पुडा काढला, पाण्याची बाटली पुढे केली आणि तिची दोन बिस्किटं खाऊन होईपर्यंत कागद पुढे ओढला नाही.

मग सावकाश सांगितलं. कसली चाचणी आहे, का करायची, नको असेल तर नको म्हणता येतं, निकाल तुम्हाला सोडून कुणाला सांगणार नाही. संमतीच्या कागदावर आत्यानं सही केली. ती चौथी शिकलेली, सही सावकाश आणि सुबक करते. त्यानंतर मॅडम माझ्याकडे वळून म्हणाल्या, "ताई, तुम्ही थोडा वेळ बाहेर बसा."

मला राग आला होता, खोटं का बोलू. दोन वर्षं दवाखान्यांच्या पायऱ्या मी झिजवल्या आणि आता मलाच बाहेर बसवता? नंतर कळलं की त्यांनी केलं तेच बरोबर. संमतीशिवाय चाचणी नाही आणि निकाल ज्याचा त्यालाच, असा कायदा आहे. २०१७ साली झाला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. आमच्या घरात आत्याचा रिपोर्ट तिच्या आधी माझ्या, वडिलांच्या नाहीतर भावाच्या हातात पडायचा. बाईच्या आजाराची बातमी तिला सगळ्यात शेवटी कळते, हे आम्हाला इतकं अंगवळणी पडलं होतं की त्यात काही चुकतंय असं कधी वाटलंच नाही.

अकरा वाजून दहा मिनिटांनी रक्त घेतलं. साडेबाराच्या आधी निकाल तयार होता. पहिल्या किटवर दिसलं तर तेवढ्यावर थांबत नाहीत, आणखी दोन वेगळ्या किटवर करतात आणि तिन्ही जुळल्यावरच सांगतात, हे लॅबमधल्या दादांनी नंतर समजावलं. आत्याला आत बोलावलं. दार लागलं. मी बाकावर बसून समोरच्या भिंतीवरचा क्षयरोगाचा फलक चार वेळा वाचून काढला. वीस मिनिटांनी आत्यानंच मला हाक मारली. ती रडत नव्हती. मला म्हणाली, "तुझ्या मामांचं माझ्याकडं आलंय म्हणं."

आमच्याकडे आत्याच्या यजमानांना मामाच म्हणतात. मामा वाशीच्या मार्केटला टेम्पोवर होते. २०१२ च्या पावसाळ्यात तिथल्याच एका खाजगी दवाखान्यात वारले. छातीत पाणी झालं, खोकून खोकून गेले, एवढंच आम्हाला कळलं. कागद मिळाले नाहीत. आत्याला चाचणी करून घ्या असं तेव्हा कुणी म्हटलं नाही. तेराव्यानंतर वडील तिला माहेरी घेऊन आले आणि ती आमच्या घरातली झाली.

या चाचणीला एक रुपया लागला नाही, सव्वा तासात झाली. आता त्याआधीचं सांगते, कारण त्याशिवाय या खोलीची किंमत कळायची नाही.

मी तालुक्याच्या गावी पतसंस्थेत क्लर्क आहे, पावत्या टाकवत नाहीत. आत्याच्या आजारपणाची फाईल माझ्या कपाटात आहे. पहिला कागदच नाही, कारण पहिला उपचार कागदावरचा नव्हता. २०२१ च्या श्रावणात आत्याच्या कमरेला नागीण उठली. शेजारच्या गावी एक म्हातारे नागीण उतरवतात. दूर्वा, गेरू, मंत्र. दोन टोकं जुळली की माणूस जातो अशी समजूत, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष ती टोकं जुळतायत का याकडे. जुळली नाहीत, सगळे निश्चिंत झाले. आत्या मात्र दोन महिने त्या कुशीवर झोपू शकली नाही. नागीण झाली म्हणजे एचआयव्ही असं अजिबात नाही, हे मी आता नीट सांगते. वय झालेल्या कुणालाही होऊ शकते, लहानपणच्या कांजण्यांचा विषाणू अंगात दबून राहिलेला असतो तो उसळतो. पण तो का उसळला, अंगातली ताकद कशानं कमी झाली, एवढं तरी कुणी विचारायला हवं होतं.

पुढच्या वर्षी वजन उतरायला लागलं. बावन्नवरून अडतीस. लोक म्हणाले, साखर असेल. साखर तपासली. थायरॉईड तपासलं. सोनोग्राफी दोनदा. सीटी स्कॅन एकदा. जुलाब थांबेनात, पोटातल्या जंतांच्या गोळ्या झाल्या. तोंडात पांढरा थर आला, गिळताना दुखायचं, भाकरीचा तुकडा पाण्यात भिजवून खायची. त्यावर बी कॉम्प्लेक्सच्या गोळ्या, उष्णता आहे म्हणून. ताप आला की टायफॉईड म्हणून सलाईन. माझ्या फाईलमधल्या पावत्यांची बेरीज एक लाख बारा हजारांच्या वर जाते. आत्याच्या दोन तोळ्यांच्या पाटल्या त्यात गेल्या.

आणि त्या फाईलमध्ये एक कागद आहे. जानेवारी २०२३, एका खाजगी हॉस्पिटलचा. तिथल्या ज्युनिअर डॉक्टरनं पाच तपासण्या लिहिल्या होत्या. चौथी ओळ एचआयव्हीची. मोठे डॉक्टर राउंडला आले. आत्याकडे बघितलं. डोक्यावर पदर, कपाळ मोकळं, गळ्यात तुळशीची माळ, वय सत्तावन्न. "यांना कशाला?" म्हणाले आणि निळ्या पेनानं चौथी ओळ खोडली. आडवी एक रेघ, शेवटी थोडी वर गेलेली.

ते डॉक्टर वाईट नव्हते. आत्याला त्यांनी मावशी म्हटलं, बिलात सूटही दिली. ती रेघ त्यांनी मान राखण्यासाठी मारली. आणि मला तेव्हा बरं वाटलं. आमच्या घराला त्यांनी ओळखलं असं वाटलं. तो कागद मी आजही काढून बघते. त्या रेघेनंतर दहा महिने गेले. आत्याच्या अंगात त्या दहा महिन्यांत काय काय संपत गेलं ते पुढे आकड्यांत कळलंच.

मोठ्या डॉक्टरांनी खोडलेलं पुन्हा लिहिलं ते आमच्या गावच्या आशाताईंनी, तेही त्यांच्या नकळत. नोव्हेंबरमध्ये क्षयरोगाचे पेशंट शोधायला त्या घरोघर फिरत होत्या. रजिस्टर घेऊन ओसरीवर बसल्या. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला आहे का, ताप येतो का, वजन कमी झालंय का, रात्री घाम येतो का. आत्याचं तीनला हो. मग म्हणाल्या, "आक्का, पदर जरा बाजूला घ्या," आणि मानेला हात लावून बघितलं. उजव्या बाजूला सुपारीएवढी गाठ. आम्ही रोज घरात राहणाऱ्यांना ती दिसली नव्हती, कारण आत्याचा पदर कधी ढळत नाही.

गाठीतून सुईनं काढलेलं पाणी सीबीनॅट मशीनवर तपासलं, गाठीचा टीबी निघाला. टीबी निघाला की एचआयव्हीची चाचणी करायचीच, असा नियम आहे. टीबी विभागातल्या माणसानं मान वर करून आत्याकडे बघितलंसुद्धा नाही, छापील चिठ्ठी भरली आणि बोळाच्या टोकाला जायला सांगितलं. मला नेमकं हेच सांगायचंय. त्यानं बघितलं नाही म्हणून आत्या वाचली.

काउन्सेलर मॅडमना मी तिसऱ्या भेटीत विचारलं, आमचीच एकटीची गत अशी झाली का? त्या म्हणाल्या, "नियमानं जिथं चाचणी होते तिथं माणसं वेळेत सापडतात. गरोदर बाई आली की होते. टीबीचा पेशंट आला की होते. वस्तीतल्या धंदा करणाऱ्या बायकांची संस्थांमार्फत दर सहा महिन्यांनी होते, त्या आमच्याकडे चालत येतात आणि चालत जातात. पण पन्नाशीपुढची बाई, जिचं बाळंतपण केव्हाच संपलं, नवरा गेला, टीबी नाही, तिला कुठला नियम लागतो? ती डॉक्टरांच्या नजरेवर राहते. आणि डॉक्टर तिला आईच्या जागी बघतात." पुरुषांचंही तसंच, म्हणाल्या. पुरुष गरोदर राहत नाही, त्याच्यामागे रजिस्टर घेऊन कुणी येत नाही. तो पडेपर्यंत कामावर जातो.

घरी येताना मी हिशोब केला. माझी स्वतःची चाचणी दोनदा झालीय, २०१४ ला आणि २०१८ ला, दोन्ही बाळंतपणांत, प्राथमिक आरोग्य केंद्रात. बाळाला लागण होऊ नये म्हणून सगळ्यांचीच करतात. कधी रक्त घेतलं, कधी ठीक आलं, मला आठवतही नाही. आत्याचा एकुलता मुलगा १९८९ चा. त्या काळी आमच्या भागात बाळंतपणात असली तपासणी नव्हती. एकाच घरातल्या, एकाच चुलीवर जेवणाऱ्या आम्ही दोघी. सरकारी यंत्रणेनं मला दोनदा विचारलं, तिला एकदाही नाही.

आता एआरटी केंद्र. हे दुसऱ्या इमारतीत, पहिल्या मजल्यावर. इथं नाव नोंदवलं की हिरवं पुस्तक मिळतं, त्यात वजन, रक्ताचे आकडे, गोळ्या, पुढची तारीख. पहिल्या दिवशी भरपूर रक्त घेतात: हिमोग्लोबिन, लिव्हर, किडनी, कावीळ, आणि सीडी४. सीडी४ म्हणजे लढणाऱ्या पेशी. निरोगी माणसात पाचशे ते पंधराशे. दोनशेच्या खाली गेल्या तर आजार पुढच्या टप्प्यात गेला समजतात. आत्याचा आकडा आला ४६. इथल्या डॉक्टर बाई वयानं लहान आहेत, पण तो आकडा त्यांनी आत्याला लपवून सांगितला नाही. बोटं मोजून दाखवली: "पाचशे माणसांचं गाव होतं, शेहेचाळीस राहिलेत. आपण परत वस्ती करू."

आम्हाला वाटलं, गोळी त्याच दिवशी मिळेल. मिळाली नाही. टीबी असेल तर आधी टीबीचं औषध सुरू करतात, ते अंगाला लागल्यावर दोन आठवड्यांनी एचआयव्हीची गोळी. ते पंधरा दिवस माझ्यासाठी फार कठीण गेले. दोन वर्षं उशीर झालाय आणि आता आणखी थांबा म्हणतायत. पण त्याला कारण होतं, आणि ते कारण आम्हाला पुढे दिसलं. गोळी सुरू होऊन तिसऱ्या आठवड्यात आत्याची गाठ अंड्याएवढी झाली आणि ताप १०३ वर गेला. मला वाटलं, संपलं. डॉक्टर म्हणाल्या, हे औषध लागू पडल्याचं आहे, झोपलेली ताकद जागी झाली आणि टीबीच्या जंतूंवर तुटून पडली. ज्यांचं निदान फार उशिरा होतं त्यांच्यात हे जास्त होतं. सहा दिवस ॲडमिट करावं लागलं.

ते सहा दिवस मी विसरणार नाही, आणि इथं रुग्णालयाचे गुण कापते. वॉर्डात आत्याला खिडकीजवळच्या टोकाच्या खाटेवर टाकलं, शेजारची खाट रिकामी ठेवली. केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात लाल पेनानं गोल केला होता. चादर बदलायला आलेल्या मावशींनी चादर खाटेच्या पायथ्याशी टाकली आणि "तुमचं तुम्ही करा" म्हणाल्या. समोरच्या पेशंटच्या नातेवाइकांना त्या लाल गोलाचा अर्थ दुपारपर्यंत कळला होता. खोलीत दार लावून जे जपलं, ते वॉर्डात एका पेनानं उघडं पडलं. मी काउन्सेलर मॅडमना फोन केला. त्या संध्याकाळी ड्यूटी संपल्यावर आल्या, सिस्टरशी बोलल्या, केसपेपर बदलून घेतला. त्यांच्या कामात हे बसत नव्हतं. त्या कंत्राटी आहेत, वर्षावर्षानं ऑर्डर निघते.

बाकीच्या तक्रारी लहान आहेत, पण आहेत. एआरटी केंद्रात एकच डॉक्टर, सोमवारी दीडशेच्या वर माणसं. बाक कमी, म्हातारी माणसं जिन्यात बसतात. पहिल्या मजल्याला लिफ्ट नाही. ज्याला चालवत नाही त्याला खुर्चीसकट उचलून आणावं लागतं. व्हायरल लोडचा, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे ते मोजायचा, नमुना बाहेर जातो, पहिल्या वेळी रिपोर्ट यायला पाच आठवडे लागले. पूर्वी नावानं हाक मारायचे. लोकांनी सांगितल्यावर आता नंबर पुकारतात, हे चांगलं केलं.

त्या बाकावर बसून बसून माणसं ओळखीची होतात. एक गृहस्थ २००५ पासून गोळ्या घेतायत. ते सांगतात की सरकारनं १ एप्रिल २००४ ला मोफत गोळ्या सुरू केल्या, देशात तेव्हा मोजकी केंद्रं, आणि सीडी४ दोनशेच्या खाली गेल्याशिवाय गोळी मिळायची नाही. "आम्ही आकडा खाली यायची वाट बघायचो," म्हणतात. २०१७ पासून आकडा कितीही असो, निदान झालं की गोळी. तेव्हा माणसं दारात असून गोळी मिळत नव्हती, आता गोळी ठेवलेली आहे आणि माणूस वेळेत येत नाही. एक ऊसतोडीचं जोडपं आहे, दिवाळीनंतर टोळीबरोबर कर्नाटकात जातात. त्यांना तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम दिल्या आणि तिकडचं जवळचं केंद्र कागदावर लिहून दिलं. आणि एक निवृत्त मास्तर. टोपी, धोतर, मुलानं पाठीवर घेऊन जिना चढवलेले. त्यांनाही दोन वर्षं कुणी विचारलं नव्हतं. मास्तरांना कोण विचारणार? ते पुढच्या तारखेला आले नाहीत, आणि नंतरही आले नाहीत.

देशात एचआयव्ही घेऊन जगणारी सुमारे पंचवीस लाख माणसं आहेत आणि राज्यांमध्ये सगळ्यात जास्त आपल्या महाराष्ट्रात. मग तालुक्याच्या डॉक्टरला हा आजार परका कसा वाटतो?

आत्याच्या गोळीचं म्हणाल तर रोज एक. तीन औषधं एकाच गोळीत. टीबीचं औषध चालू होतं तोवर त्यातलंच एक औषध बारा तासांनी पुन्हा घ्यावं लागायचं, कारण टीबीची गोळी त्याचा जोर कमी करते. आत्या रात्रीच्या बातम्या लागल्या की घेते. पहिल्या आठवड्यात डोकं दुखलं, झोप उडाली, नंतर काही नाही. गोळ्या मोफत, तपासण्या मोफत. टीबीच्या काळात पोषण आहाराचे महिन्याला पाचशे तिच्या खात्यात जमा झाले, त्याची नोंद पासबुकात आहे.

एसटीत या रुग्णांना मोफत प्रवासाची सवलत आहे. केंद्रातल्या ताईंनी कागद करून दिले. आत्यानं एकदाही वापरले नाहीत. आमच्या गाडीचा कंडक्टर शेजारच्या गावचा, त्याची बायको आत्याबरोबर वारीला असते. तो कागद त्याला दाखवायचा म्हणजे गावाला दाखवायचा. बायकांना अर्धं तिकीट आहे, तेच काढते. सवलत देताना ती कुणाच्या हातात दाखवावी लागणार याचा विचार कुणीतरी करायला हवा होता.

आणखी एक गोष्ट काउन्सेलर मॅडमची. दवाखान्यातून घरी आल्यावर आत्यानं स्वतःचं ताट-तांब्या वेगळं केलं आणि चुलीपाशी येणं बंद केलं. आम्ही कितीही सांगितलं तरी ऐकेना. आमच्या घरात दोन्ही वेळच्या भाकरी तीच थापायची, इतक्या वर्षांचा हात. दुसऱ्या महिन्याला मॅडमनी वजन लिहिता लिहिता विचारलं, "भाकरी कोण करतं आता?" आत्या गप्प. त्यांनी पेन ठेवलं. जेवणातून, हाताला हात लागून, एका ताटात जेवून लागत नाही हे आधी सांगितलेलंच पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. मग म्हणाल्या, "पुढच्या वेळी डबा आणताना तुमच्या हातची भाकरी मला आणायची." आत्या महिनाभर काही बोलली नाही. तारखेच्या दिवशी मी पहाटे उठले तर काठवटीवर थाप पडल्याचा आवाज येत होता. मॅडमनी ती भाकरी आमच्यासमोर, लसणाच्या चटणीबरोबर खाल्ली.

मुलाला सांगायचं की नाही, हे त्यांनी आत्यावरच सोडलं. तिनं चार महिन्यांनी सांगितलं. तो चाकणहून आला, स्वतःची चाचणी करून घेतली, निगेटिव्ह आली. आईजवळ रात्रभर बसून राहिला.

आज आत्याचं वजन सत्तेचाळीस आहे. सीडी४ सहा महिन्यांनी ११८, वर्षानं १९०. अजून दोनशेला दहा कमी. विषाणू मात्र रक्तात मोजता येण्याइतकासुद्धा उरलेला नाही. पहिल्यापासून कळलं असतं तर हा आकडा कितीवर असता, हे मी डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, "लवकर सुरू झालं असतं तर चढायला एवढा डोंगर नसता." डाव्या पायाची आग होते ती राहील बहुतेक.

तर तपासणीच्या खोलीला माझ्याकडून पाचपैकी पाच. एआरटी केंद्राला चार, एक गुण जिन्याचा आणि गर्दीचा कापला. वॉर्डाला एकही नाही. आणि आम्ही आधी गेलो त्या सगळ्या महागड्या ठिकाणांना गुण द्यायची माझी इच्छा नाही.

कुणाला जायचं असेल तर: ओळखपत्र नेलं तर बरं, उपाशी जायची गरज नाही, सकाळी दहाच्या आत पोचा म्हणजे निकाल त्याच दिवशी हातात. आमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातही हीच चाचणी होते, जिल्ह्यालाच जायला हवं असं नाही. आधी फोनवर विचारायचं असेल तर १०९७ हा मोफत नंबर आहे, मराठीत बोलतात. महिनाभर न थांबणारे जुलाब, तोंडात पांढरा थर, कारण नसताना उतरलेलं वजन, पुन्हा पुन्हा येणारा ताप यातलं काही असेल आणि डॉक्टर चाचणी लिहीत नसतील, तर तुम्हीच म्हणा की लिहा. "यांना कशाला?" म्हणाले तरी म्हणा.

आमच्या मागच्या गल्लीत एक काकू आहेत. नवरा ट्रकवर होता, आठ वर्षांपूर्वी गेला. गेल्या उन्हाळ्यापासून त्यांचे ब्लाउज खांद्यावरून उतरायला लागलेत, शिवण घालायला माझ्या आईकडे आणतात. आत्याचं काही न सांगता मी त्यांना चाचणीबद्दल बोलले. "मला कशाला गं?" म्हणाल्या. मी म्हटलं, मीही माझी करून घेणार आहे, बाळंतपणानंतर केलीच नाही, दोघी मिळून जाऊ. तीन दिवस त्या काही बोलल्या नाहीत. काल पाण्याच्या टाकीवर भेटल्या तेव्हा विचारलं, गुरुवारची आठ-दहाची गाडी मिळेल का. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकलीय.